"ताप नाही" असं मी म्हणालो: वीटभट्टीवरच्या एका गाभण गाढवीची केस

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यातली ही वीटभट्टीवरची केस. गाव, माणसं सगळं काढून टाकलंय, जनावरांची नावं तेवढी बदलून ठेवलीत कारण नावाशिवाय लिहायला जमेना. मी जनावरांचा डॉक्टर, रोजचं काम गाई-म्हशींचं, मधूनच एखादी वरातीची घोडी, आणि गाढवं म्हणाल तर वर्षाला वीस-पंचवीस. कॉलेजात गाढवावर वेगळा तास झाल्याचं मला आठवत नाही, घोडा शिकवून झाला की "गाढवालाही असंच" या एका वाक्यात विषय संपायचा. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढची माझी चूक तिथूनच आलीये.

मालकाला मी मामा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांच्याकडे पाच गाढवं, कच्च्या विटा भट्टीपर्यंत वाहायला. सीझन दिवाळीनंतर लागतो तो पाऊस येईपर्यंत, आणि पावसाळ्याचे चार महिने जनावरं मोकळी, बांधावरचं गवत खाऊन गुटगुटीत होतात. त्यातली ढवळी सगळ्यात गुटगुटीत, वय नऊच्या आसपास, नववा महिना चालू. गाढवीचे दिवस साधारण बारा महिन्यांचे असतात, कधी त्याच्याही वर जातात, म्हणजे घोडीपेक्षा महिनाभर जास्तच. गाभण आहे म्हणून मामांनी तिला यंदा कामाला लावलंच नव्हतं, वर सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा सुरू, मानेवरची चरबी एवढी वाढलेली की ती आयाळीसकट एका अंगाला कलंडलेली. मामा त्यावर थाप मारून म्हणायचे, "बघा डॉक्टर, कशी भरलीया." मलाही ते बघून बरंच वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

एवढी बडदास्त कशाला, तर शिंगरासाठी. २०१२ च्या पशुगणनेत देशात साधारण ३.२ लाख गाढवं होती, २०१९ मध्ये १.२ लाख राहिली, ६१ टक्के घट. चांगलं जनावर आता शोधावं लागतं. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तिथे दात बघून भाव ठरतो, दुवान, चौवान, अखंड अशी भाषा चालते, आणि महागड्या काठेवाडी जनावराच्या वाटेला तर मामांसारखा माणूस जातच नाही. त्यामुळे घरचं शिंगरू म्हणजे मामांच्या हिशोबात रोख पैसे.

त्याच बाजारात मामांनी बाळ्याला विकलं, चौदा हजाराला. बाळ्या खच्ची केलेला, कामाला चांगला, आणि सहा वर्षं ढवळीच्या शेजारी एकाच दावणीला बांधलेला. मुलीच्या घरी काहीतरी कार्य होतं, पैसे हवे होते, विकला. यात मामांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही पूर्णपणे वाटत नाही.

अडचण काय झाली

बाळ्या गेल्याच्या चौथ्या दिवशी फोन आला, ढवळी खात नाही. गेलो. कान पडलेले, मान खाली, पण उभी होती. लोळत नव्हती, पोटाला लाथा मारत नव्हती, घाम नाही. लीद कमी आणि तिच्यावर चिकट पापुद्रा. ठोके साठ. थर्मामीटर लावला, ३८.२ सेल्सिअस.

मी म्हणालो, "ताप नाही मामा."

आता हे ३८.२ घोड्याला नॉर्मलच आहे. घोड्याचं ३८.५ पर्यंत आपण चालवून घेतो. पण निरोगी मोठ्या गाढवाचं तापमान ३६.२ ते ३७.८, सरासरी ३७.१ च्या जवळपास. ठोके ३६ ते ५२. म्हणजे माझ्यासमोर ताप असलेलं, ठोके वाढलेलं जनावर उभं होतं आणि मी त्याला घोड्याच्या मापाने पास करून टाकलं. पोटशूळ असता तर लोळली असती, असं पण मनात आलं. तेही घोड्याचंच. गाढव दुखणं दाखवत नाही, आतडं पिळवटलेलं असतानाही ते नुसतं मान खाली घालून उभं राहतं, म्हणून गाढव नुसतं "सुस्त" दिसलं तरी तातडीची केस धरायची असं गाढवांवर काम करणारे लोक घसा कोरडा करून सांगतात. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या लोकांनी इंग्लंडच्या डॉन्की सँक्च्युअरी या गाढवांसाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर २०२० मध्ये गाढवाचं दुखणं मोजायची वेगळी पट्टी तयार केली, चेहऱ्यासाठी वेगळी आणि एकूण वागण्यासाठी वेगळी, ती याच कारणाने.

मी काय दिलं, तर मेलोक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध, जंताचं औषध आणि बी कॉम्प्लेक्स. मेलोक्सिकॅम प्रत्येकाच्या बॅगेत असतं म्हणून दिलं. गाढवाच्या अंगातलं मेलोक्सिकॅम तासाभरातच अर्ध्यावर येतं, घोड्यापेक्षा कितीतरी पटकन, त्यामुळे त्याचा तिथे जवळपास उपयोगच नाही हे मला नंतर वाचून कळलं.

निघताना मामी म्हणाल्या, "त्यो गेल्यापासनं हिनं पेंडीला तोंड न्हाई लावलं. रातभर वाटंकडं बघून वराडती." मी हसून "होईल सवय" म्हणालो आणि बाईकला किक मारली.

सहाव्या दिवशी मामींचाच फोन, मामांचा नाही. ढवळी पाण्यावर तोंड टेकवून नुसती उभी होती, ओठ पाण्यात पण घोट घेत नव्हती. तोंडाला वास. या वेळी रक्त काढलं. गाढवाच्या मानेची कातडी जाड आणि तिच्याखाली मांसाचा एक पातळ थर असतो, घोड्यासारखी शीर पटकन हाताला लागत नाही, दोनदा टोचावं लागलं. ट्यूब मामांच्या झोपडीच्या कुडाला टेकवून ठेवली आणि पोट तपासत बसलो. वीस-पंचवीस मिनिटांनी बघितलं तर खाली लाल गाळ आणि वर जिथे पिवळसर निवळ पाणी दिसायला हवं तिथे चक्क दूध. गाईचं पातळ दूध घालावं तसं. मामांनी विचारलं, "दूध कसं आलं रक्तात?" ते दूध नव्हतं, चरबी होती. हायपरलिपिमिया.

हे होतं कसं ते थोडक्यात. गाढव मुळात आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं. २०२२ साली 'सायन्स' मासिकात आलेल्या जनुकीय अभ्यासात २०७ आजची आणि ३१ प्राचीन गाढवं तपासली होती, त्यातून निघालं की सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतच एकदा ते माणसाळलं. असं जनावर काड्या-कडब्यावर जगायला बनलेलं, मिळेल ते चरबी म्हणून साठवून ठेवणारं. त्याने खाणं बंद केलं की शरीर ती चरबी रक्तात सोडायला लागतं, आणि घोड्यात जो ब्रेक लागतो तो गाढवात नीट लागत नाही. चरबी रक्तात येतच राहते, यकृतात साठते, यकृत बसतं, जनावराला आणखी खावंसं वाटत नाही, की अजून चरबी सुटते. त्यात मादी, जाड, गाभण आणि मनाला धक्का बसलेली असेल तर धोका सगळ्यात जास्त. ढवळी या चारही गोष्टींत बसत होती.

रक्त तालुक्याच्या गावी माणसांच्या लॅबमध्ये नेलं, दुसरा उपाय नव्हता. काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं, मी ढवळी म्हणालो, वय नऊ, आणि तिने न बघता "लहान मुलगी आहे, उपाशीपोटी आणलंय का?" असं विचारलं. मी म्हणालो सहा दिवस उपाशी आहे. मग तिने मान वर केली. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आलं १३४०. गाढवात २५० पर्यंत ठीक, ५०० च्या वर गेलं की हा आजार धरायचा. यकृताचा आकडाही वाढलेला.

समोर काय काय पर्याय होते

एक, सरळ हात टेकायचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉन्की सँक्च्युअरीच्या वयस्कर गाढवांमधल्या केसेस तपासल्या होत्या, त्यात ४८.५ टक्के मेली. आणि ती तिथली, दवाखाना शेजारी असलेली. भट्टीवर मी एकटा.

दोन, पोटातलं शिंगरू काढून टाकायचं. आईची साखर तेच ओढून घेतंय, ते गेलं की आईवरचा भार कमी. पण नवव्या महिन्यात बाहेर आलेलं जगणार नाही, आणि या अवस्थेत गर्भपात घडवणं हाच दुसरा धक्का. मामांना विचारलं तर ते बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "शिंगरूच न्हाई तर हिला वाचवून..." आणि पुढे बोलले नाहीत. मी हा पर्याय सोडला, वैद्यकीय कारणासाठी सोडला की मामांच्या तोंडाकडे बघून, हे आज सांगता येणार नाही.

तीन, नाकातून नळी घालून खाऊ घालायचं आणि शिरेतून साखर द्यायची. बरोबर इन्सुलिन द्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न, कारण इन्सुलिन चरबी सुटणं थांबवतं पण रात्री साखर खाली गेली तर बघायला कोण? पूर्वी हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध पण द्यायचे, त्यात रक्तस्रावाची भीती, ते मी डोक्यातूनच काढलं.

चार, जोडीदार. इथे मामा म्हणाले की शेजारच्या भट्टीवरून दुसरं एखादं गाढव आणून बांधू, त्यात काय. मला पण ते पटलं होतं. पण रात्री घरी जाऊन वाचलं तर २०१३ चा एक अभ्यास सापडला, गाढवांच्या जोड्यांवरचा, त्यात बहुतेक गाढवं कळपातल्या कुठल्याही गाढवाजवळ न जाता आपल्याच ठराविक सोबत्याजवळ राहायची आणि त्याला ओळखून निवडायची. ढवळीच्या आजूबाजूला तशीही आणखी तीन गाढवं होतीच की. ती एकटी नव्हतीच. तिला बाळ्या हवा होता, आणि हे मामींनी मला चौथ्या दिवशीच सांगितलं होतं.

काय केलं

सहाव्या दिवशी दुपारपासून सुरुवात. माझ्याकडची घोड्याची नळी तिच्या नाकात जाईना, गाढवाच्या नाकपुडीतली वाट अरुंद असते, मग दुसऱ्या डॉक्टरकडून वासराची बारीक नळी आणली. तीतून जाईल अशी पेज पातळ हवी. किराणा दुकानातले ओट्स मिक्सरला लावले (भट्टीवर मिक्सर नाही, मुकादमाच्या घरी), त्यात ग्लुकोज पावडर आणि इलेक्ट्रोलाइट. पहिल्याच वेळी नळी तुंबली. मामींनी जुन्या लुगड्याचं फडकं आणलं आणि पेज त्यातून दोनदा गाळून दिली, मग धाडधाड खाली गेली. दिवसातून चार वेळा, थोडी थोडी. डेक्स्ट्रोजची सलाईन शेडच्या बांबूला टांगली.

मेलोक्सिकॅम बंद करून फ्लुनिक्सिन हे दुखण्यावरचं दुसरं औषध सुरू केलं आणि तेही बारा तासांनी, घोड्यासारखं दिवसातून एकदा नाही, कारण तेही गाढव लवकर काढून टाकतं.

इन्सुलिन पहिले दोन दिवस दिलं नाही. आठव्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त, १२८०. म्हणजे दोन दिवस राबून साठने उतरलं. तेव्हा घाबरलो. मुकादमाला शुगर आहे, त्याचं ग्लुकोमीटर मागून घेतलं, आणि थोडं इन्सुलिन चालू केलं, दर तीन तासांनी कानाच्या कडेला टोचून थेंब बघायचा. रात्रीचा थेंब मामांचा थोरला मुलगा बघायचा आणि आकडा व्हॉट्सॲपवर टाकायचा. पोरगं सातवीपर्यंत शिकलेलं, एकही वेळ चुकवली नाही.

बाळ्याला शोधायला मामा सातव्या दिवशीच निघाले होते. घेणारा साठ किलोमीटरवर, त्याला कळलं की हे परत मागायला आलेत तेव्हा त्याने सतरा हजार सांगितले, वर टेम्पोचे अडीच. मामांनी दिले. मला फोनवर एवढंच म्हणाले, "येडंच झालंय सगळं." आठव्या दिवशी संध्याकाळी टेम्पो आला. बाळ्या फळीवरून उतरायच्या आधीच ओरडला आणि ढवळीने मान उचलली. कान उभे झालेले मी त्या आठवड्यात पहिल्यांदा बघितले. दोघं मानेवर मान टाकून बराच वेळ तशीच उभी. रात्री नऊला तिने बाळ्यासमोरची उसाची वाढी ओढली, दोन-तीन पानं चावली आणि बाकीची गोळा होऊन तोंडातून खाली पडली.

ती पडलेली वाढी बघून दुसरी ट्यूब पेटली. खायची इच्छा आहे पण चावता येत नाहीये. टॉर्चने गालात बघितलं तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झालेल्या आणि गालाला आतून जखम. मी चार दिवस तोंड उघडून बघितलं नव्हतं. त्या २०११ च्या अभ्यासात ७२ टक्के केसेसमध्ये मुळात दुसरा काहीतरी आजार होता आणि दाताचं दुखणं हा एक ठळक धोका निघाला होता. म्हणजे बाळ्याचं जाणं हा धक्का खरा, पण चारा आधीपासूनच कमी जात असणार आणि पेंड-कोंडा मऊ असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दाढा घासायला गुंगी द्यावी लागते. गाभण, यकृत बिघडलेलं, गुंगी द्यायची का? थांबलो असतो तर नळीवरच ठेवावं लागलं असतं, आणि नळीने नाकातून रक्त यायला लागलं होतं. दहाव्या दिवशी हलकी गुंगी देऊन फक्त टोकं घासली, बाकी काही केलं नाही. पंधरा मिनिटांचं काम.

निकाल

दहाव्या दिवशी ६१०, तेराव्या दिवशी २१०. ढवळी वाचली. नळी अकराव्या दिवशी काढली, कडबा बारीक कुटून आणि गव्हाचा भुस्सा भिजवून द्यायला लागलो, चावायला लागली.

तेराव्या दिवशी पहाटे शिंगरू पडलं. मेलेलं, पूर्ण केस न आलेलं. मामा लगेच पोत्यात घालायला निघाले तर मामींनी थांबवलं, म्हणाल्या तिला हुंगू द्या. बरोबरच होतं ते. गाढवाचा सोबती किंवा पोर मेलं तर मढं थोडा वेळ तिथेच ठेवायचं असं गाढवांची देखभाल करणारे सांगतात, नाहीतर ते शोधत राहतं आणि पुन्हा खाणं सोडतं. ढवळीने तासभर हुंगलं, एकदा पायाने हलवलं, मग बाळ्याशेजारी जाऊन उभी राहिली. दुपारी भुस्सा खाल्ला. वार अडकली नाही, गर्भाशय धुवावं लागलं नाही, तेवढं नशीब.

मामांचा हिशोब असा, बाळ्यात साडेपाच हजार तोटा, औषधं, लॅब, आणि शिंगरू गेलं ते वेगळं. माझी फी मी अर्धीच घेतली. पहिली व्हिजिट तर घ्यायला नकोच होती.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी ते ३८.२. आता माझ्या बॅगेच्या झाकणाला आतून गाढवाचे आकडे चिकटवलेत, तापमान, ठोके, श्वास. चौथ्या दिवशीच ते बघून रक्त काढलं असतं आणि ट्यूब अर्धा तास कुडाला टेकवून ठेवली असती तर दोन दिवस वाचले असते. दूधासारखं रक्त बघायला लॅब लागत नाही. आणि ते दोन दिवस शिंगराला पुरले असते का? कदाचित.

गुंगीचं मात्र अजून डोक्यात घोळतं. गर्भपात गुंगीमुळे झाला का, इन्सुलिनमुळे का, की सहा दिवसांच्या उपासातच ते आत मेलं होतं? पडलेल्या शिंगराचे नमुने मी घेतले नाहीत, त्या पहाटे सुचलंच नाही, त्यामुळे हे आता कधीच कळणार नाही. एका मित्राचं म्हणणं की दाढा आठवडाभर थांबल्या असत्या. मला नाही वाटत, पण तो चूक आहे असंही छातीठोक सांगता येत नाही.

बाळ्या आल्यामुळे ती बरी झाली असं मामी सगळ्यांना सांगतात. मी तसं सांगत नाही, कारण त्याच दिवशी सकाळी इन्सुलिन सुरू झालं होतं आणि पेज-सलाईनचेही दोन दिवस झाले होते, यातलं श्रेय वेगळं काढता येत नाही. पण एवढं खरं की बाळ्या नसता तर तिने ती वाढी ओढली नसती आणि मी दाढा बघितल्या नसत्या.

एक गोष्ट मात्र मी साफ विसरलो, ग्लँडर्स, घोड्या-गाढवांचा संसर्गजन्य रोग. २००६ साली हा रोग देशात परत दिसला तो महाराष्ट्रातच, माणसालाही होतो, आणि बाळ्या शेकडो जनावरांच्या बाजारातून परक्या दावणीला जाऊन परत आला होता. मी त्याला थेट तिच्या नाकाला नाक लावून उभा केला. वेगळं बांधलं असतं तर आणण्याचा उद्देशच गेला असता, हे मान्य, पण निदान त्याचं रक्त तपासणीसाठी त्याच दिवशी पाठवायला हवं होतं. महिनाभराने पाठवलं, निगेटिव्ह आलं.

खाण्याचं म्हणाल तर पेंड बंद. मामांना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, गाभण जनावराला भुस्सा घालायचा म्हणजे त्यांना लाज वाटते, लोक काय म्हणतील. आणि जाड आहे म्हणून एकदम खाणं तोडायचं नाही हेही त्यांना तितक्याच वेळा सांगावं लागलं, कारण उपास म्हणजे पुन्हा तेच दूध.

ढवळी या पावसाळ्यात पुन्हा माजावर आली आणि भरवली. पौष पौर्णिमा जवळ येतेय, मामांना पैशांची गरज पुन्हा आहेच. ते म्हणतात बाळ्याला आता वय झालंय, यंदा दिला नाही तर पुढच्या वर्षी कोण घेणार नाही. मामी म्हणतात विकायचं तर दोघांना एकत्र विका नाहीतर बाजाराची वाट धरू नका. परवा मी गेलो तेव्हा दोघंही आपापलं म्हणणं मला सांगत होते, आणि मधे बाळ्या कोंड्याच्या घमेल्यात तोंड घालून ढवळीचा वाटा खात होता.